खालच्या जबड्यात पाच इम्प्लांट, फ्रेम बसत नाही. माप चुकलं की कास्टिंग?

दंतवैद्य_चिपळूण
नमस्कार मंडळी. गुहागरकडचे एक आजोबा आहेत, खाली हनुवटीच्या भागात हाडात रोवलेले पाच इम्प्लांट, त्यावर मल्टियुनिट अबटमेंट (इम्प्लांट आणि कवळी यांच्यामधला जोडभाग) आणि वर स्क्रूने बसणारी फिक्स कवळी द्यायची आहे. कवळीच्या आतली कोबाल्ट क्रोम धातूची फ्रेम एकसंध कास्ट होऊन (ओतून) आली, ट्रायलला सगळे स्क्रू आवळले की छान बसल्यासारखी वाटते पण डाव्या टोकाचा एकच स्क्रू लावला की उजवं टोक उचललेलं दिसतं, प्रोबचं टोक सहज आत जातं. लॅब म्हणते माप (तोंडाचा ठसा) चुकलंय, कास्टिंग बरोबर आहे. माप क्लोज्ड ट्रेने, ॲडिशन सिलिकॉनमध्ये. एका सीनियरनी सुचवलं की आवळून बसतेय ना, मग देऊन टाक, पण मनाला पटत नाही. आजोबांना या पावसात एसटीने पुन्हा पुन्हा बोलवायचं जिवावर येतं, म्हणून परत माप घ्यायच्या आधी घोळ नक्की कुठे झालाय ते कळायला हवं. तुम्ही कसं शोधता?

प्रोस्थो_रत्नागिरी
तशी अजिबात देऊ नका डॉक्टर. आवळल्यावर बसते म्हणजे स्क्रू तिला ओढून बसवतायत, आणि तो ताण नंतर कुठेतरी निघणारच, स्क्रू ढिला होणं, स्क्रू तुटणं, वरचं ॲक्रिलिक किंवा सिरॅमिक उडणं. नैसर्गिक दाताला लिगामेंट (दात आणि हाडामधला मऊ थर) असतं, तो साधारण १०० मायक्रॉनपर्यंत (मिलिमीटरचा दहावा भाग) हलून सांभाळून घेतो, इम्प्लांट जेमतेम १० मायक्रॉन हलतो, त्यामुळे फ्रेमची चूक तो पचवत नाही. इम्प्लांटचे जनक ब्रॅनेमार्कनी १९८३ मध्ये फ्रेमच्या फटीसाठी १० मायक्रॉनचा आकडा मांडला होता, संशोधक येम्टनी १९९१ मध्ये १५० पर्यंत चालेल म्हटलं. खरं तर शंभर टक्के पॅसिव्ह फिट (ताण न देता आपसूक बसणं) आपल्या कुणाच्याच हातून होत नाही, पण प्रोब आत जातो म्हणजे ती फट डोळ्याआड करण्यासारखी नाही.

आता शोधायचं कसं. तुम्ही तोंडात केलीत तीच एक स्क्रूची टेस्ट (शेफिल्ड टेस्ट म्हणतात ती) मॉडेलवर, म्हणजे मापात ओतलेल्या स्टोनच्या जबड्यावर, करा. मॉडेलवरही उजवं टोक उचललं तर घोळ कास्टिंगचा. मॉडेलवर चपखल बसली आणि तोंडात नाही, तर माप किंवा मॉडेल. फक्त मॉडेलवर करायच्या आधी ॲनालॉग (मॉडेलमधल्या अबटमेंटच्या प्रतिकृती) एकेक करून हलवून बघा, कधीकधी फ्रेम बसवायच्या नादात ॲनालॉगच स्टोनमध्ये ढिला झालेला असतो आणि मग सगळंच बसतं. आणि तोंडात पाचही अबटमेंट पूर्ण बसलेत का त्याचा एक्स-रे काढलाय ना? कोन तिरका असेल तर एक्स-रेत फट लपते.

लॅबवाला_कुडाळ
डॉक्टरांनु, सगळा लॅबवर ढकलू नकात. पण कास्टिंगला क्लीन चिट पण देत नाही मी. कोबाल्ट क्रोम थंड होताना साधारण सव्वादोन टक्के आकसतं, म्हणजे टोकापासून टोकापर्यंत ५ सेंटिमीटरची फ्रेम धरली तर मिलिमीटरभर कमी होणार, आणि हे सगळं इन्व्हेस्टमेंटच्या (धातू ओतायच्या साच्याच्या मटेरियलच्या) फुगण्यातून भरून काढायचं असतं. लिक्विडमध्ये डिस्टिल्ड वॉटर जास्त घातलं की फुगणं कमी, लिक्विड तीव्र ठेवलं की जास्त, साच्याच्या रिंगला आतून लायनर (मऊ पट्टी) लावला नाही तर तिथेही अडतं. त्यात घोड्याच्या नालासारखा आकार, एकसंध ओतला की सरळ बारसारखा नुसता लहान होत नाही, वाकडा होतो. पॅटर्न (फ्रेमचा मेणाचा किंवा रेझिनचा नमुना) करून रात्रभर ठेवला आणि सकाळी इन्व्हेस्ट केला तरी तो आपला आकार बदलून बसतो. म्हणून मी लांब फ्रेम एकसंध कास्ट करायला तयारच नसतो, तुकड्यात करून तोंडातून इंडेक्स (तुकडे एकमेकांशी कसे बसतात त्याची नोंद) मागवतो आणि लेझर वेल्ड करतो, नाहीतर सरळ लेझर सिंटरिंगला (पावडर लेझरने जोडून फ्रेम करणं) किंवा मिलिंगला (ठोकळ्यातून कोरणं) पाठवतो.

दुसरी गोष्ट, आपल्याकडे जून ते सप्टेंबर डायस्टोनची (मॉडेल ओतायच्या कडक स्टोनची) पिशवी उघडी राहिली की पावडर हवेतला ओलावा खेचते. मग तेच पाणी घालून कधी भराभर सेट होतो कधी होतच नाही. चांगला टाइप फोर स्टोन वजनाने मोजून, व्हॅक्यूमने मिसळून ओतला तर ०.१ टक्क्याच्या आत फुगतो, ५ सेंटिमीटरला ५० मायक्रॉन, तेवढं सोसवतं. अंदाजाने पाणी घालून पळीने ढवळला की काय होतं ते देव जाणे. कुणी ओतलं होतं मॉडेल, तुम्ही की लॅबने?

दंतवैद्य_चिपळूण
मॉडेल लॅबने ओतलं, माप कुरियरने गेलं होतं. आत्ताच सगळं करून बघितलं: ॲनालॉग पाचही घट्ट, एका स्क्रूवर फ्रेम मॉडेलवर एकदम चपखल, लुपने (भिंगाने) बघूनही फट नाही. तोंडात अबटमेंट पूर्ण बसलेत, एक्स-रे सरळ आहे. मागचा उजवा इम्प्लांट मात्र बाकीच्यांपेक्षा बराच तिरका आहे.

प्रोस्थो_रत्नागिरी
मग चित्र स्पष्ट आहे, कास्टिंगवाल्यांनी त्यांच्या मॉडेलशी इमान राखलंय, मॉडेल तोंडाशी जुळत नाही. क्लोज्ड ट्रेमध्ये कोपिंग (इम्प्लांटची जागा मापात नेणारा तुकडा) तोंडातच राहतं, ट्रे निघाल्यावर ते सोडवून आपण हाताने मापात परत खोचतो, तिथे किंचित कमीजास्त बसतं. शिवाय तिरक्या इम्प्लांटवरून ट्रे ओढताना मटेरियल ताणलं जातं. दोन-तीन इम्प्लांट आणि बऱ्यापैकी समांतर असतील तर ओपन (वर भोक असलेला ट्रे, कोपिंग मापातच निघून येतं) आणि क्लोज्डमध्ये फारसा फरक पडत नाही, चार किंवा जास्त असतील, त्यातून तिरके, तर ओपन ट्रे.

पुढच्या वेळी ओपन ट्रेची कोपिंग लावा, मध्ये फ्लॉस गुंडाळून पॅटर्न रेझिनने जोडा. हे रेझिन आकसतं आणि त्यातलं सुमारे ८० टक्के आकसणं पहिल्या १७ मिनिटांत होतं, म्हणून आधी मॉडेलवर रेझिनचा बार (कोपिंग जोडणारी पट्टी) बनवून मधे बारीक चकतीने कापून ठेवायचा आणि तोंडात फक्त त्या केसासारख्या फटीच रेझिनने भरायच्या. मटेरियल पॉलिइथर घ्या, ते कडक असल्याने कोपिंग आत फिरत नाही. आणि ॲनालॉग लावताना ॲनालॉग पकडून स्क्रू फिरवा, कोपिंगवर जोर गेला की मेहनत वाया.

मालवण_क्लिनिक
मधेच विचारतो, तोंडात फिरवायचा स्कॅनर असेल तर हे सगळं वाचतं का? घेऊ म्हणतोय.

प्रोस्थो_रत्नागिरी
एक-दोन इम्प्लांटला मस्त. पूर्ण जबड्याला मात्र स्कॅनर एकेक फोटो जोडत पुढे सरकतो आणि जोडण्यातली चूक टोकापर्यंत साठत जाते, खालच्या बिनदाताच्या जबड्यात तर पकडायला खुणाच नसतात. पूर्ण जबड्याला फोटोग्रामेट्री (कॅमेऱ्याने इम्प्लांटच्या जागा टिपणं) बरी, पण ती महाग आहे. स्कॅन केलंत तरी जिग (सगळ्या इम्प्लांटवर बसवून बघायची तपासणीची पट्टी) करून तोंडात तपासाच.

लॅबवाला_कुडाळ
चिपळूणच्या डॉक्टरांनी ही फ्रेम टाकून देऊ नये असं माझं मत. उजवं टोकच उचलतंय तर डावीकडून चौथ्या आणि पाचव्याच्या मधे तिरकी कापा, दोन्ही तुकडे तोंडात वेगवेगळे लावा, प्रत्येक तुकडा सुटा असताना बसतो का बघा. मोठा तुकडा एका स्क्रूवर नीट बसला तर कापलेली जागा रेझिनने जोडा आणि त्यावरूनच ओपन ट्रेचं माप काढा, फ्रेम मापातच निघून येऊ दे. मोठा तुकडाही डुलला तर मात्र ओढाताण करू नका, त्याच भेटीत कोपिंग जोडून नवीन माप घ्या, बार आधीच करून ठेवलेला असू दे. म्हणजे काहीही निघालं तरी आजोबांची ती फेरी वाया जात नाही.

नवीन मॉडेल झालं की लॅबला सांगा त्यावर प्लास्टरचा जिग करून द्या. रेझिनचा जिग थोडा वाकून खोटं बसल्याचं दाखवू शकतो, प्लास्टर वाकत नाही, मॉडेल चुकलं असेल तर स्क्रू आवळताना तडकतो.

दंतवैद्य_चिपळूण
हे जमेल. कापायच्या आधी लॅबला फोन करून लेझर वेल्ड करतात का विचारतो, नाहीतर कुडाळला पाठवू का?

लॅबवाला_कुडाळ
पाठवा. जोडलेली फ्रेम मापातून काढू नका, ट्रेसकट खोक्यात घाला, सुकं ठेवा, ओला कापूस गुंडाळू नका कारण पॉलिइथर पाणी पितं. ॲनालॉग तुम्ही लावू नका, इथे मी लावतो.