स्टुडंट लायसन्सवर पैसे घेऊन काम केलं तर चालतं का?

रेघोट्या:
इंटिरिअर डिझाइनच्या तिसऱ्या वर्षाला आहे. लॅपटॉपवर ऑटोकॅड (ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर) आहे, एज्युकेशन लायसन्सवालं. ओळखीतल्या एका काकूंचं किचन करून द्यायचंय. पैसे देणार आहेत, थोडेच, पण देणार आहेत. मित्र म्हणतो, प्रिंटवर आता ‘स्टुडंट व्हर्जन’चा शिक्का येत नाही ना, मग बिनधास्त कर. खरंय का? नसेल तर काय वापरू? क्रॅक सुचवू नका प्लीज.

टीस्क्वेअर:
शिक्का गेला म्हणून अट गेली असं नाही. एज्युकेशन लायसन्स एका वर्षाचं, पात्र असेपर्यंत फुकटात रिन्यू होतं, पण शिकण्या-शिकवण्यापुरतंच. थोडे पैसे की जास्त, हा प्रश्नच येत नाही.

शिक्का मात्र काय चिवट होता म्हणून सांगू! आमच्या ऑफिसात एका ट्रेनीने घरून, स्टुडंट व्हर्जनमध्ये काढलेला, दरवाज्याचा एक ब्लॉक (तयार चित्राचा तुकडा) आणून चालू ड्रॉइंगमध्ये टाकला. संध्याकाळी प्लॉट, म्हणजे प्रिंट, काढले तर शीटच्या चारही कडांना ‘प्रोड्यूस्ड बाय ॲन ऑटोडेस्क स्टुडंट व्हर्जन’. ब्लॉक उडवला, पर्ज मारलं (न वापरलेलं साफ करायची कमांड), तरी शिक्क्याची पट्टी जागच्या जागी. शेवटी आदल्या दिवशीचा बॅकअप काढून सगळं पुन्हा ओढलं. ट्रेनी बिचारा रडवेला झाला होता, त्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

सगळ्यांचे नियम सारखे नसतात हेही खरं. राइनो या थ्रीडी सॉफ्टवेअरचं स्टुडंट लायसन्स एकदा घेतलं की संपत नाही, आणि त्यावर पैशाचं काम केलेलंही चालतं. फुकट नाही, पण बरंच स्वस्त. त्यामुळे ‘स्टुडंट’ शब्दावर जाऊ नकोस, करारातलं कमर्शियल वापराचं कलम शोधून वाच.

रात्रपाळी:
व्हीएफएक्सवाल्यांकडेही (सिनेमातले इफेक्ट्स करणारे) हीच भानगड. त्यांच्या हुदिनी सॉफ्टवेअरची शिकाऊ आवृत्ती, हुदिनी ॲप्रेंटिस, फुकट, मुदत नाही, पण रेंडरवर (तयार झालेल्या चित्रावर) वॉटरमार्क आणि फाइलचं एक्स्टेन्शनच वेगळं, ‘हिपएनसी’. ती फाइल पेड हुदिनीत उघडली की ते सेशनच नॉन-कमर्शियल होतं. थ्रीडी व्ह्यू दाखवायचे असतील तर सरळ ब्लेंडर घे, फुकट थ्रीडी सॉफ्टवेअर. जीपीएल या मुक्त लायसन्सवर आहे, रेंडर विकलेस तरी कुणी विचारणार नाही.

रेघोट्या:
व्ह्यू ब्लेंडरमध्ये करते मग. पण प्लॅन आणि एलिव्हेशनचं (समोरून दिसणाऱ्या ड्रॉइंगचं) काय? सुतार डीडब्ल्यूजी, म्हणजे ऑटोकॅडची फाइल, मागेल ना?

टीस्क्वेअर:
सुतार पीडीएफ मागतो, तीही मापं मोठ्या अक्षरात. एका किचनला लिब्रेकॅड, टूडी ड्रॉइंगचं फुकट सॉफ्टवेअर, रग्गड झालं. डीडब्ल्यूजीत सेव्ह करत नाही, डीएक्सएफ या दुसऱ्या फाइल प्रकारात करतं, पण तुला ती अडचण येऊ नये. कमांड थोड्या वेगळ्या आहेत, दोन-चार दिवस चिडचिड होईल. फाइल मात्र कोरी उघड. कॉलेजच्या असाइनमेंटमधलं टायटल ब्लॉक (शीटवरची नाव-माहितीची चौकट) आणि सिंकचे ब्लॉक उचलून आणू नकोस. सिंक काय, पाच मिनिटांत काढून होतं.