मुलांचा विनोदी मूकपट: जुन्या काळी मुलांकडून काम कसे करून घेत असत?

शाळेचा_फळा

सर्वांना नमस्कार. मी अमळनेर तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. यंदाच्या स्नेहसंमेलनात नाचगाण्यांच्या जोडीला मुलांनीच काम केलेला आठ-दहा मिनिटांचा विनोदी मूकपट दाखवायचा, असे आम्ही ठरवले आहे. गोष्ट आमची आम्हीच रचली. पोळ्याच्या दिवशी मोठी माणसे लहानांना बैलाच्या कासऱ्याला हात लावू देत नाहीत, म्हणून सहा पोरे रुसून एका शेळीलाच झूल पांघरतात, तिच्या शिंगांना बेगड लावतात आणि डबे वाजवत तिला वेशीकडे नेतात. तेथे मानाचा बैल पोहोचण्याआधीच शेळी आंब्याच्या पानांचे तोरण खाऊन टाकते आणि पोळा फोडण्याचा मान तिला मिळतो.

गेल्या रविवारी तालीम म्हणून मोबाइलवर दोन प्रसंग घेतले आणि आमचे डोळे उघडले. मैदानावर दिवसभर हुंदडणारी ही मुले कॅमेरा सुरू होताच प्रार्थनेच्या रांगेत उभी केल्यासारखी ताठ झाली. पहिलीतला एक मुलगा तर प्रत्येक पावलानंतर थांबून माझ्याकडे पाहतो आणि "बरोबर ना सर?" असे डोळ्यांनीच विचारतो. शंभर वर्षांपूर्वीच्या मूकपटांतली याच वयाची मुले इतकी मोकळी कशी वागत असत? त्यांच्याकडून पाठांतर करून घेत असत का? त्या चित्रपटांतली ती लगबगीची चाल मोबाइलवर आणता येते का, आणि मधल्या पाट्या कोणत्या भाषेत लिहाव्यात, हेही कोणी सांगितल्यास उपकार होतील.

जुनी_रिळे

सर, आपली गोष्ट वाचून फार आनंद झाला, कारण मोठ्यांच्या जगात शिरकाव मिळत नाही म्हणून पोरांनी मोडक्यातोडक्या वस्तूंतून स्वतःचे जग उभारायचे, हाच त्या काळच्या मुलांच्या विनोदी लघुपटांचा पाया होता. त्यांतली सर्वांत गाजलेली 'अवर गँग' ही मालिका हॅल रोच या निर्मात्याने कॅलिफोर्नियातील कल्व्हर सिटी येथील आपल्या स्टुडिओत 1922 साली सुरू केली. तिच्या जन्माची कथा तो स्वतःच सांगत असे. रंगरंगोटी करून आणलेल्या, घोकलेले हावभाव करणाऱ्या एका मुलीची चाचणी पाहून तो कंटाळला होता; तेवढ्यात खिडकीतून त्याला समोरच्या लाकडाच्या वखारीजवळ काही पोरे फळकुटांवरून भांडताना दिसली आणि ते भांडण पाहण्यात आपला बराच वेळ गेल्याचे त्याच्या ध्यानात आले. आपल्या पहिलीतल्या मुलाची अडचण नेमकी त्या रंगवलेल्या मुलीची आहे. त्याला आपण 'काम' करायला सांगितले आहे, आणि काम म्हटले की ते बरोबर किंवा चूक असणारच.

पहिला लघुपट एका दिग्दर्शकाने काढला, पण तो रोचच्या मनास आला नाही. मग तो रॉबर्ट मॅकगोवन याच्याकडून पुन्हा चित्रित करून घेण्यात आला आणि पुढे कित्येक वर्षे हाच मॅकगोवन या मुलांचा दिग्दर्शक राहिला. हा गृहस्थ पूर्वी अग्निशमन दलात नोकरीला होता. त्याची रीत अशी होती की, ज्या मुलांना अजून वाचताही येत नाही, त्यांच्या हाती कागद द्यायचाच नाही. प्रसंग घेण्याच्या अगदी आधी 'आता असे असे होणार आहे' एवढे गोष्टीसारखे सांगायचे, आणि कॅमेरा फिरू लागला की बाजूला उभे राहून सतत बोलत राहायचे. मूकपटात ध्वनी मुद्रित होत नसल्यामुळे दिग्दर्शकाचा आवाज प्रसंगाच्या आत वावरू शकत होता, आणि मूल पाठ केलेले आठवण्याऐवजी त्या आवाजाला उत्तर देत होते. 1929 साली ही मालिका बोलपट झाली तेव्हा ही सोय संपली आणि मुलांकडून वाक्ये पाठ करून घेण्याची वेळ आली.

तेव्हा माझे सांगणे एवढेच, की मोबाइलमधला आवाज आपल्याला शेवटी टाकूनच द्यायचा आहे, तर चित्रीकरण चालू असताना गप्प बसू नका. आणि एक विनंती आहे, बोलायचे ते अहिराणीत बोला. मी भुसावळजवळच्या एका शाळेत असाच उद्योग केला होता. "आता मागे न पाहता वेगाने पळ" असे सांगितल्यावर मुलगा वक्तृत्व स्पर्धेला निघाल्यासारखा पळाला. त्याच्या आजोबांनी कॅमेऱ्यामागून "मांगे दखू नको, पय रे पय!" अशी आरोळी ठोकली आणि पोरगे चप्पल मागे टाकून असे सुटले की फ्रेमच्या बाहेर गेल्यावरही थांबेना. ती एकटी पडलेली चप्पल आमच्या लघुपटातला सर्वांत मोठा हशा ठरली. ती आम्ही लिहिलेली नव्हती.

तापीकाठचा

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, पण त्यात थोडी भर घालतो. मुलांना काही गोष्टी मुळीच सांगू नयेत. शेळी तोरण खाणार आहे हे मुलांना ठाऊक असेल तर ती आधीच हसतील, म्हणून त्यांना फक्त तिला वेशीपर्यंत न्यायला सांगावे. तसेच रडण्याचा प्रसंग असेल तर "तुझी आई तुला न घेताच बाजाराला गेली" असे खोटे सांगितल्यास डोळ्यांत खरे पाणी येते.

वरणबट्टी

तोरणाची गंमत लपवणे ठीक आहे, पण आई गेल्याचे खोटे सांगणे मला अजिबात पटत नाही. मूकपटांच्या काळात हे प्रकार होत होते, हे खरे आहे. चार्ली चॅप्लिनबरोबर 1921 साली काम करून जगभर प्रसिद्ध झालेल्या जॅकी कूगनला रडवण्यासाठी त्याला अनाथालयात पाठवण्याची धमकी दिली गेली, असे सांगतात. याच मुलाने लहानपणी मिळवलेला पैसा त्याची आई आणि सावत्र वडील यांनी उडवला. मोठेपणी, 1938 साली, त्याला त्यांच्याविरुद्ध कोर्टात जावे लागले, आणि त्यातूनच 1939 साली कॅलिफोर्नियात बालकलाकारांच्या कमाईचा काही भाग राखून ठेवण्याचा कायदा झाला. रोचच्या स्टुडिओत मुलांसाठी शिक्षिका नेमलेली होती आणि चित्रीकरणाच्या मधल्या वेळात वर्ग भरत असे, ही बाजूही सांगायला हवी. सर, आपण तर मुळात शिक्षकच आहात. मुलांचा आपल्यावरचा विश्वास एका हशापेक्षा महाग आहे. पालकांची लेखी संमती मात्र आधीच घ्या.

आणखी एक बाब पात्रांच्या निवडीबद्दल. त्या मालिकेत गोरी आणि कृष्णवर्णीय मुले एकत्र खेळत, एकाच टोळीत असत, आणि त्या काळच्या अमेरिकेत ही लहान गोष्ट नव्हती. अर्नी मॉरिसन हा तिचा कृष्णवर्णीय बालतारा मालिका सुरू होण्यापूर्वीच रोचकडे कराराने होता. तरीही कृष्णवर्णीय मुलांवरचे काही विनोद आज पाहताना मान खाली जाते. आपल्या गोष्टीत कोणाच्या रंगावर, जाडीवर किंवा बोबड्या बोलण्यावर हशा येत नाही ना, हे एकदा तपासून घ्या. शेळीवर मात्र हवे तितके हसा.

छायाप्रकाश_धुळे

तांत्रिक प्रश्नांची उत्तरे देतो.

चाल. त्या काळी कॅमेरा हाताने दांडा फिरवून चालवत असत आणि सेकंदाला साधारण 16 ते 20 चित्रे घेत असत. विनोदी पाठलागात दांडा मुद्दाम हळू फिरवला जाई, म्हणजे पडद्यावर तीच धावपळ वेगवान दिसे. सेकंदाला 16 चित्रे घेऊन ती 24 च्या वेगाने दाखवली तर हालचाल दीडपट होते. पुढे बोलपटांसाठी 24 चा वेग ठरून गेला आणि त्या वेगाने दाखवलेले सगळेच जुने मूकपट तुरुतुरु पळू लागले, त्यामुळे 'मूकपट म्हणजे झटके' असा आपला समज झाला आहे. संपूर्ण लघुपटाला वेग देऊ नका. संपादन करताना फक्त मिरवणूक आणि पाठलाग सव्वापट करा. शेळी पान चावते तो प्रसंग तिच्या स्वतःच्या गतीनेच राहू द्या, कारण गंमत तिच्या संथपणात आहे.

लांबी. एक रीळ 1000 फुटांचे असे आणि एका फुटात 16 चित्रे मावत, म्हणजे सेकंदाला 16 या वेगाने एक रीळ सुमारे साडेसोळा मिनिटे चाले. मुलांचे ते लघुपट बहुधा दोन रिळांचे असत. आपण आठ मिनिटांतच थांबावे.

रंग. त्या काळी बराच काळ वापरात असलेल्या फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसतच नसे. लाल वस्तू काळी उमटे आणि निळे आकाश पांढरे पडे. आपण मोबाइलवर नुसते रंग काढून टाकले तर चित्र करडे आणि सपाट दिसते. संपादनाच्या ॲपमध्ये आधी लाल रंग गडद आणि निळा फिका करून मग कृष्णधवल करा. चित्रीकरण सकाळी नऊच्या आत उरका. त्यानंतरच्या उन्हात मुलांचे डोळे बारीक होतात आणि भुवयांखाली काळ्या खाचा पडतात. अगदीच अडले तर दोघांनी पांढरे धोतर ताणून मुलांच्या डोक्यावर धरावे. जुन्या स्टुडिओंतही काचेच्या किंवा उघड्या छताखाली पातळ कापड ताणून ऊन गाळून घेत असत.

पाट्या. आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर दादासाहेब फाळके यांनी 1919 सालच्या 'कालियामर्दन'मध्ये बाळकृष्णाची भूमिका आपली मुलगी मंदाकिनी हिला दिली. ती तेव्हा सात वर्षांची होती. गोष्ट सुरू होण्याआधी ही चिमुरडी निरनिराळे हावभाव करून दाखवते, आणि मग पाहता पाहता तिचा कृष्ण होतो. फाळक्यांनाही मुलाच्या चेहऱ्यावर पाटीपेक्षा अधिक भरवसा होता, असे मला ते पाहताना नेहमी वाटते. त्या काळी अनेक प्रेक्षकांना वाचता येत नसल्यामुळे थिएटरात पाट्या मोठ्याने वाचून दाखवणारा माणूस असे, आणि पडद्याजवळ पेटी-तबला वाजत असे. आपणही पाट्या कमीत कमी ठेवा, फार तर दहा, आणि प्रत्येकीत पाच-सहा शब्दच लिहा. त्या अहिराणीत लिहून सातवीतल्या एखाद्या खणखणीत आवाजाच्या मुलीला मंचावरून वाचायला लावा. साथीला संबळ मिळाला तर दुसरे काही नको.

शेवटी एक सूचना. शेळीच्या शिंगांना प्लास्टिकचे बेगड लावू नका, ती ते खाईल. रंगीत कागद लावा आणि सुतळीने घट्ट बांधा.

शाळेचा_फळा

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल सकाळी पुन्हा प्रयत्न केला. मी स्वतः बोलण्याऐवजी आमच्या खिचडी शिजवणाऱ्या मावशींना कॅमेऱ्याशेजारी उभे केले, कारण पोरे माझ्यापेक्षा त्यांना अधिक मोकळेपणाने उत्तरे देतात. त्या अखंड बोलत होत्या: "अरे, तू काय करी ऱ्हायना? ती शेयी चालनी दख!" पहिलीतल्या त्या मुलाने माझ्याकडे एकदाही पाहिले नाही. तो कंबरेवर हात ठेवून मावशींशीच भांडू लागला, आणि पडद्यावर मात्र तो शेळीला दटावतो आहे असे दिसते.

अडचण आता वेगळीच उभी राहिली आहे. कॅमेरा सुरू करण्यापूर्वीच शेळीने तोरण फस्त केले, आणि दुसरे तोरण बांधेपर्यंत तिचे पोट भरले होते. मग तिने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. येत्या रविवारी तिचा प्रसंग सर्वांत आधी, सकाळी सातला घेणार आहोत. चार तोरणे तयार आहेत आणि ती शाळेच्या कपाटात कुलूपबंद ठेवली आहेत.