थंडरबर्ड्समधल्या बाहुल्यांचे ओठ कसे हलायचे? गणपतीच्या देखाव्यासाठी माहिती हवी

शहापूरकर_मंडळ:
यंदाच्या हलत्या देखाव्यात पाच बाहुल्या बोलत्या दाखवायच्या हायत. नुसती मान डोलणारी मूर्ती आणि मागनं कर्ण्याचा आवाज, असं आता नको वाटायलंय. थंडरबर्ड्स या जुन्या ब्रिटिश मालिकेत दोऱ्यांवरच्या बाहुल्यांचे ओठ संवादाबरोबर बरोब्बर हलतात. ते नेमकं कसं करत होते? आवाज कितीजणांचे होते? आमच्याकडं बोलणारे दोघंच. बाहुल्या दोन फुटी, वरनं तीन मीटर तार येईल.

उद्यमबाग_वायंडिंग:
त्यांची बाहुलीही साधारण 22 इंचीच, म्हणजे तुमच्या मापाची. डोकं फायबरग्लासचं, पोकळ, आत एक सोलेनॉइड, म्हणजे वीज दिली की दांडा ओढणारी तारेची गुंडाळी. संवाद आधी टेपवर घेतलेले असत. त्या टेपवरून विजेचे झटके तयार व्हायचे, वरच्या तारांतून डोक्यात उतरायचे आणि खालचा ओठ हलायचा. बाहुली पेलणारी आणि वीज नेणारी तार एकच, जाडी इंचाचा 200वा भाग. डोकी अंगाच्या मानानं मोठी दिसतात ती आतल्या सोलेनॉइडमुळं. 1967 च्या कॅप्टन स्कार्लेटमध्ये तो छातीत नेला, मग डोकं माणसाच्या प्रमाणात आलं. देखाव्याला मात्र मोठं डोकंच बरं, गर्दीत मागं उभ्या माणसाला तोंड दिसलं पाहिजे की.

वजन आणि वीज एकाच तारेवर टाकू नका. वजनाला काळा पिळाचा दोरा घ्या; मासे धरायचा नायलॉन एलईडीच्या उजेडात चमकतो. विजेला 36 नंबरची इनॅमल तांब्याची तार, कुठल्याही मोटर रिवायंडिंगवाल्याकडं मिळते. तिचा रोध मीटरला सुमारे 0.6 ओहम. जाऊन-येऊन सहा मीटर, म्हणजे 3.6 ओहम. 12 व्होल्टचा 12 ओहमी सोलेनॉइड लावलात तर त्याला जेमतेम सव्वानऊ व्होल्ट पोचतात आणि ओढ 40 टक्क्यांनी घटते. टेबलावर झकास चालणारा ओठ मांडवात अर्धवट उघडतो तो यामुळंच. म्हणून 24 व्होल्टचा, 48 ओहमच्या आसपासचा घ्या. एकाला अर्धा अँपिअर. पाचांना 24 व्होल्ट 5 अँपिअरचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) पुरून उरतो.

प्रत्येक कॉइलवर डायोड उलटा लावा, नाहीतर पहिल्याच संध्याकाळी मॉसफेट (सोलेनॉइडची वीज चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) जातील. ओठ मिटवणारी स्प्रिंग हाताला जेमतेम जाणवेल इतकीच. जास्त ताठ असली तर ओठ उघडत नाही, सैल असली तर लोंबतो. प्लंजर (सोलेनॉइडमधला सरकता दांडा) आपटतो तिथं फेल्टचा तुकडा चिकटवा, नाहीतर टकटक स्पीकरच्या वर ऐकू येते. कागदाच्या लगद्याचं डोकं करणार असाल तर आतूनही वार्निश पाहिजे. बेळगावच्या पावसाळी दमटपणात लगदा फुगतो आणि ओठ खाचेत अडकतो.

नाट्यवेडा_खानापूर:
आवाजांचं सांगतो. 30 सप्टेंबर 1965 ला पहिला भाग लागला, एकूण 32 भाग. जेफ ट्रेसी म्हणजे पीटर डायनली. सुरुवातीची पाच-चार-तीन-दोन-एक ही मोजणीही त्यांचीच. स्कॉट शेन रिमर, ॲलन मॅट झिमरमन. गॉर्डन, ब्रेन्स, पार्कर आणि किरानो हे चौघे एकट्या डेव्हिड ग्रॅहमचे. जॉन आणि खलनायक हूड रे बॅरेटचे, टिन-टिन आणि आजी क्रिस्टीन फिनच्या. लेडी पेनेलोपी खुद्द सिल्व्हिया अँडरसन, म्हणजे मालिकेच्या निर्मात्या जोडीतल्या एक. व्हर्जिलचा आवाज पहिल्या मालिकेत डेव्हिड हॉलिडे, दुसरीत जेरेमी विल्किन. लक्ष देऊन ऐकलं की फरक कळतो.

तेव्हा दोघांत पाच पात्रं जमतात. ब्रेन्स अडखळत बोलतो, पार्कर लंडनी ठसक्यात नको तिथं ह लावतो. नुसता आवाज जाड-बारीक करून ही ओळख येत नाही. तुमच्याकडं एकाला चंदगडी हेल द्या, एकाला पुणेरी. एकाचीच दोन पात्रं एकमेकांशी बोलणार असतील तर दोन्ही वेगवेगळी रेकॉर्ड करा. आणि आवाज पक्का झाल्याशिवाय ओठांच्या कामाला हात लावू नका. नंतर एक वाक्य बदललं तरी पुढचे सगळे झटके सरकतात.

शहापूरकर_मंडळ:
आवाजच सरळ सोलेनॉइडला दिला तर?

उद्यमबाग_वायंडिंग:
नको. स, श च्या शिट्टीवर तोंड उघडतं आणि प, ब, म ला, जिथं ओठ मिटायला हवेत, तिथं उघडंच राहतं. झटक्यांचा ट्रॅक वेगळा करा: जोराच्या स्वरावर 1 किलोहर्ट्झचा 80 ते 100 मिलिसेकंदांचा टोन. प्रत्येक अक्षराला दिलात तर ओठ नुसता थरथरतो.

लॅपटॉपला 7.1 चं यूएसबी साउंड कार्ड जोडा. पुढची दोन आउटपुट आवाजाला, पाच बाहुल्यांना. सबवूफरचं मात्र वापरू नका, तिथं 1 किलोहर्ट्झ कापला जातो. लाइन आउटचा सिग्नल एक-दीड व्होल्टचा, त्यावर मॉसफेट उघडत नाही. एलएम358 या ॲम्प्लिफायर चिपवर दहापट वाढवा, डायोडनं सरळ करा, पुढं 1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि 22 किलोओहमचा रेझिस्टर. तिथं 10 मायक्रोफॅरड बसवलात तर बोलणं संपल्यावरही तोंड उघडं राहतंय.

नाट्यवेडा_खानापूर:
बाहुल्यांना चालवायच्या नादी लागू नका. त्यांनाही ते नीट जमत नव्हतं, म्हणून पात्रं कमरेपासून वरच दाखवलेली किंवा कशात तरी बसलेली. बटण दाबायचं असलं की जवळून खऱ्या माणसाचा हात. गाडी पळवायची असेल तर त्या मालिकेचे स्पेशल इफेक्ट्सवाले डेरेक मेडिंग्ज यांची युक्ती घ्या: गाडी जागेवर, खालचा रस्ता पट्ट्यासारखा फिरता, मागचा देखावा वेगळ्या पट्ट्यावर आणि हळू.

शहापूरकर_मंडळ:
कॅनव्हासचा पट्टा एका बाजूला सरकतो, त्याला काय करायचं?

उद्यमबाग_वायंडिंग:
रोलर समांतर आहेत का आधी बघा. मग एका रोलरच्या मधोमध चिकटपट्टीचे तीन-चार वेढे द्या, मध्य दोन मिलिमीटर फुगला की पट्टा मध्यावर येतो. ओढायला गाडीच्या वायपरची 12 व्होल्टची मोटर चालते, पण तिला सप्लाय वेगळा द्या.