मदत हवी आहे : व्हिएतनाममध्ये रोख रक्कम कशी बाळगावी?

पुढच्या महिन्यात आईबाबांना घेऊन हनोई व दा नांग असा आठ दिवसांचा प्रवास ठरला आहे. 100 डॉलरच्या कोऱ्या नोटा नेऊन तिथे डोंग घ्यावेत असा विचार आहे. हनोईच्या सराफी दुकानांत दर बरा मिळतो असे ऐकले; परंतु परवाना नसलेल्या ठिकाणी चलन बदलणे तिथे बेकायदा असल्याने विमानतळ बरा की बँक, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

खरी काळजी वेगळीच आहे. 20,000 आणि 5,00,000 डोंगच्या प्लास्टिकच्या नोटा दोन्ही निळसर असतात, आणि चष्मा खोलीवर विसरण्यात बाबांचा हातखंडा आहे. अंधाऱ्या रिक्षात पंचवीसपट पैसे जाऊ नयेत म्हणून आपण नोटा कशा वेगळ्या ठेवल्या होत्या?