पहिला काईट: नवा की वापरलेला? (वजन ७८ किलो, गोवा आणि रामेश्वरम)

सह्यवारा

नमस्कार मंडळी. काईटसर्फिंगचं (काईटच्या म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीने पाण्यावर बोर्ड चालवायचं) पहिलं साहित्य घ्यायचंय. गोव्यात मोरजीला कोर्सची लेव्हल २ झाली आहे. बॉडी ड्रॅग (बोर्डाशिवाय काईटने पाण्यातून ओढत जाणं) आणि पाण्यात पडलेला काईट पुन्हा उचलणं जमतं. बोर्डवर उभं राहून ४०-५० मीटर जाता येतं, अपविंड (वारा येतो त्या बाजूला चढत जाणं) अजून नाही. पुढचा सीझन गोव्यात फेब्रुवारी ते मे, आणि जमलं तर जुलैत आठवडाभर रामेश्वरम.

एक वापरलेला सेट मिळतोय. १२ मीटरचा (म्हणजे चौरस मीटर) तीन स्ट्रटचा (हवा भरायच्या आडव्या नळ्यांचा) काईट, मॉडेल २०१६. त्याच वर्षाचा बार (काईट वळवायचा दांडा, त्याच्या लाइन्स म्हणजे दोऱ्यांसकट). १३४ × ३९ सेंटिमीटरचा बोर्ड. हार्नेस (बार अडकवायचा कमरेचा पट्टा) आणि पंप. सगळं मिळून ७५ हजार. विकणारा सांगतो की काईट 'फार तर चाळीस वेळा' उडालाय. नवं घ्यायचं तर युरोपातल्या दुकानांच्या भावाने अडीच ते तीन हजार युरो होतात, वर आणण्याचा खर्च आणि कस्टम ड्यूटी वेगळी.

हा सेट घ्यावा का? बघायला जाताना नेमकं काय तपासायचं? आणि दोन्ही ठिकाणी एकच काईट चालेल का?

खारेवारे

एकगठ्ठा भाव डोक्यातून काढा. प्रत्येक वस्तूचा वेगळा विचार करा, कारण ती जुनी झाल्यावर होणारा त्रास सारखा नसतो. बोर्ड जुना असला तर फार तर फिन हलेल, पॅड निघेल. काईट जुना असला तर बहुतेक वेळा हवा सुटेल आणि तुम्ही पोहत परत याल. बार जुना असला आणि ऐन वेळी क्विक रिलीज (काईटची ओढ झटक्यात तोडायची कळ) अडकला, तर काईट तुम्हाला ओढत राहील आणि तुमच्या हातात काही उरणार नाही. म्हणून माझं ठाम मत: काईट आणि बोर्ड वापरलेले चालतील, बार नवाच घ्या.

त्यातही २०१६ चा बार नको. क्विक रिलीजसाठीचं आयएसओ २१८५३ हे मानक २०२० साली आलं. भार असताना रिलीज किती जोर लावल्यावर सुटला पाहिजे, याच्या चाचण्या त्यात ठरवल्या आहेत. नवा बार घेताना त्यावर हे मानक लिहिलेलं आहे का, ते बघा. दुसरी गोष्ट म्हणजे रिलीज केल्यावर काईट एकाच फ्रंट लाइनवर (पुढच्या कडेला जाणाऱ्या मधल्या दोन लाइन्सपैकी एकीवर) फडफडत खाली आला पाहिजे. तशी रचना नसेल तर नवशिक्याने तो बार घेऊ नये.

तरीही बघायला जाल तेव्हा बार तपासाच, त्यावरून मालकाने सामान कसं वापरलंय ते कळतं. हार्नेस घाला, चिकन लूप (बारखालची कडी) हुकात अडकवा, चारही लाइन्स एका खांबाला बांधा आणि अंगाचं वजन मागे टाकून रिलीज ढकला. एका हाताने, झटक्यात सुटला पाहिजे. पाच वेळा करा, त्यातले दोनदा हात ओला आणि वाळूने माखलेला ठेवून. प्रत्येक वेळी खाली न बघता पुन्हा जोडता येतो का, तेही बघा.

मग बार पूर्ण वर सरकवा आणि मधल्या भोकातून जाणारी डीपॉवरची (काईटचा जोर कमी करायची) दोरी वीतभर चाचपा. बार दिवसभर तिथेच वर-खाली घासतो. आवरण फाटून आतले धागे केसाळ झाले असतील तर ती दोरी बदलायला झाली. बाहेरून बार चकचकीत असला तरी ही जागा लपत नाही.

लाइन्सची लांबी अशी बघा: चारही टोकं एकाच खिळ्याला लावायची, डीपॉवर पूर्ण सोडायचा म्हणजे फुल पॉवर ठेवायची, बार अंगाशी ओढायचा. चारही लाइन्स सारख्या ताणल्या गेल्या पाहिजेत आणि बार सरळ राहिला पाहिजे. बहुतेक भार फ्रंट लाइन्स घेतात, म्हणून त्याच ताणून लांबतात. मग बॅक लाइन्स (बारच्या टोकांवरून काईटच्या मागच्या बाजूला जाणाऱ्या) त्या मानाने आखूड पडतात, काईट सतत आवळलेला राहतो आणि हलक्या वाऱ्यात मागे मागे घसरत पाण्यात बसतो. शिकणाऱ्याला वाटतं आपलंच चुकतंय. सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरचा फरक बारच्या टोकांवरच्या गाठी बदलून निघतो. पाच सेंटिमीटरच्या वर गेला तर लाइन्स बदला.

हार्नेस दुसऱ्याच्या अंगाला बसलेला असतो, तोही नवाच घ्या. दुकानात हुकाला लटकून दहा मिनिटं बघा. बरगड्यांकडे वर सरकत असेल तर एक साइज खाली या किंवा सीट हार्नेस (मांड्यांनाही पट्टे असलेला) बघा. विंडसर्फिंगचा हार्नेस स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नका, त्याच्या हुकाचा आकार वेगळा असतो.

शिवण_आणि_रिपस्टॉप

वरच्या मताशी सहमत. मी काईटबद्दलच लिहितो.

'चाळीस वेळा उडालाय' या वाक्यावर भाव ठरवू नका. काईटची दोन वयं असतात. कापडाचं वय उन्हात काढलेल्या तासांवर जातं, आणि ब्लॅडर (नळ्यांच्या आतला हवेचा फुगा) आणि त्याच्या व्हॉल्व्हच्या गोंदाचं वय नुसत्या वर्षांवर आणि उष्णतेवर. बॅगेत पडून राहिलेल्या काईटचं कापड कडक असू शकतं आणि त्याच काईटचे व्हॉल्व्ह पहिल्याच उन्हाळ्यात सुटू शकतात. आपल्याकडे एप्रिलमध्ये गाडीच्या डिकीत ठेवलेला काईट आणि पावसाळाभर ओलाच गुंडाळलेला काईट, हे दोन्ही सर्रास दिसतात. दुसऱ्याला बुरशीचे काळे ठिपके येतात. ठिपक्यांनी कापड लगेच फाटत नाही, पण काईट मीठ धुऊन न काढता, न वाळवता ठेवला होता एवढं समजतं.

कापड बघताना कानाचा उपयोग करा. नवीन कॅनोपी (काईटचं कापड) चुरगाळली की कोऱ्या नोटेसारखी वाजते. जुनी होत जाते तसा आवाज मऊ पडतो, आणि शेवटी धुतलेल्या धोतरासारखी गप्प होते. मधल्या भागात, ट्रेलिंग एजपासून (मागच्या कडेपासून) हातभर वर, कापडाला ओठ लावून जोरात फुंका. पलीकडे तळहातावर हवा लागली तर कापडावरचा लेप गेलाय. असा काईट हलक्या वाऱ्यात उडणार नाही आणि पाण्यात पडला की जड होईल. नंतर काईट उन्हाकडे धरून टाचणीएवढी भोकं शोधा. रंग उडालाय म्हणून मात्र घाबरू नका. फ्लोरोसंट गुलाबी-पिवळे रंग लवकरच फिके पडतात, कापड तेव्हाही चांगलं असू शकतं.

वीतभर फाटलेलं आणि नीट शिवलेलं पॅनेल चालतं. लीडिंग एजवर (पुढच्या कडेच्या जाड नळीवर) किंवा स्ट्रट जिथे लीडिंग एजला जोडला जातो तिथे दुरुस्ती असेल तर टाळा. फुगवल्यावर सगळा दाब त्याच शिवणीवर येतो.

हवेची परीक्षा रात्रभर घ्यायची. काईट सावलीत ६-७ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) फुगवा आणि प्रत्येक स्ट्रटच्या नळीची क्लिप बंद करा, म्हणजे कुठला भाग गळतो ते वेगळं कळेल. सकाळी टिचकी मारा. रात्री हवा गार झाल्याने दाब थोडा उतरतो, तेवढं चालेल. एखादा स्ट्रट लुळा पडला असेल तर व्हॉल्व्हच्या मुळाशी साबणाचं पाणी लावा. बुडबुडे चकतीच्या कडेने आले तर गोंद सुटलाय. एक व्हॉल्व्ह सुटला असेल तर बाकीच्यांचाही गोंद तेवढाच जुना आहे, हे भाव करताना लक्षात ठेवा.

शेवटी काईट मधोमध घडी करून डावा आणि उजवा ब्रायडल (लाइन काईटला जोडणाऱ्या दोऱ्यांचा जोड) शेजारी शेजारी ताणा. लांबी सारखी पाहिजे. पुली बोटाने फिरवा. वाळू-मिठाने जाम झालेल्या पुलीत दोरी घासून तुटते, आणि ब्रायडल हवेत तुटला तर काईट वेडावाकडा फिरत राहतो.

डेनहागकर

एकच काईट दोन्हीकडे चालेल का, याचं उत्तर कोणी दिलं नाही अजून. नाही चालणार.

ढोबळ हिशेब असा: वजन किलोमध्ये गुणिले २.२, भागिले वाऱ्याचा वेग नॉटमध्ये (तासाला सागरी मैल). गोव्यात दुपारचे खारे वारे १२ ते १६ नॉट धरले तर १४ नॉटला तुमच्यासाठी साधारण १२ मीटर येतात. रामेश्वरमला जुलैत वारा २० च्या पुढे जातो. २२ नॉटला हिशेब ८ मीटरच्या आसपास येतो, म्हणजे ९ मीटर फार तर. त्या वाऱ्यात ७८ किलोच्या शिकणाऱ्याने १२ मीटर उडवायचा म्हणजे हाडं मोडून घेणं. पहिला काईट गोव्यासाठी १२ मीटरचा घ्या, रामेश्वरमला शाळेकडून ९ मीटरचा भाड्याने घ्या. अपविंड जमेपर्यंत दुसरा काईट विकत घेण्यात अर्थ नाही. तोवर प्रत्येक फेरीनंतर किनाऱ्याने चालतच परत यायचंय, आणि नेमका कुठला आकार सोयीचा ते याच काळात कळतं.

काईटचा प्रकारही नीट विचारून घ्या. तीन स्ट्रटचा बो (धनुष्यासारखा चपटा) किंवा डेल्टा आकाराचा काईट पाण्यातून सहज उठतो, शिकताना तोच हवा. स्वस्त मिळतोय म्हणून पाच लाइन्सचा सी-काईट (इंग्रजी 'सी'सारखा खोल वाकलेला) घेतला तर पडल्यावर उचलण्यातच दुपार जाईल.

१३४ × ३९ बोर्ड तुमच्यासाठी लहान आहे. ७८ किलो, हलका वारा आणि शिकण्याचे दिवस, म्हणजे १४२ ते १४५ लांब आणि ४२-४३ रुंद हवा. मोठा बोर्ड कमी वाऱ्यात लवकर पाण्यावर चढतो. वापरलेला घ्या, पण पॅडचे स्क्रू काढून आतल्या धातूच्या नटांभोवती चिरा आहेत का, आणि दोन्ही टोकांकडे थर सुटलेत का, ते बघा. टकटक करून पोकळ आवाज येतो तिथे आत पाणी गेलेलं असतं.

तिसरा रस्ताही आहे. इकडे नेदरलँड्समध्ये सीझन संपला की मागच्या वर्षाचे कोरे काईट आणि बार बरेच स्वस्त होतात. आकृत्या आणि रंग सोडले तर नव्या मॉडेलमध्ये शिकणाऱ्याला जाणवेल असा फरक क्वचितच असतो. कोणी नातेवाईक येणार असतील तर काईट आणि बार मिळून साधारण ५ किलोत बसतात. बिल सोबत ठेवायला सांगा, कस्टमला लागतं. बोर्ड मात्र त्यांच्या गळ्यात घालू नका, तो साध्या बॅगेत मावत नाही आणि बऱ्याच विमान कंपन्या त्याचे वेगळे पैसे घेतात.

वापरलेलं घेताना ते कुठून आलंय तेही विचारा. आखातातल्या किंवा गोव्यातल्या उन्हात पाच वर्षं वापरलेला काईट आणि इथल्या ढगाळ हवेत पाच वर्षं वापरलेला काईट, हे एका वयाचे नव्हेत. शाळेने वापरून विकायला काढलेला काईट असेल तर गुणाकार करून बघा: रोज ४ तास आणि १०० दिवस म्हणजे एका सीझनचे ४०० तास. हौशी माणसाचे तेवढे तास व्हायला पाच-सहा वर्षं लागतात.

सह्यवारा

सगळ्यांचे मनापासून आभार. सांगितलं तसं सगळं तपासलं.

कॅनोपी वाजते, फुंकर पलीकडे जात नाही. भोकं नाहीत, काईटच्या एका टोकाजवळ चार बोटं लांबीचा शिवलेला पॅच आहे. रात्री ७ पीएसआय भरलं, सकाळी लीडिंग एज आणि बाजूचे स्ट्रट टणक, मधला स्ट्रट पूर्ण बसलेला. साबणाच्या पाण्याने बुडबुडे व्हॉल्व्हच्या चकतीच्या कडेने. ब्रायडल दोन्हीकडे सारखा, एक पुली जाम. फ्रंट लाइन्स ६ सेंटिमीटर लांब. क्विक रिलीज पाचपैकी तीनदा सुटला.

काय करू?

खारेवारे

पाचपैकी तीनदा सुटला म्हणजे दोनदा अडकला. तो बार फुकट मिळाला तरी पाण्यात नेऊ नका. विकणाऱ्यालाही हे स्पष्ट सांगा, म्हणजे तो दुसऱ्या कोणाला विकणार नाही.

काईट मात्र चांगला निघालाय. नुसत्या काईटचे वीस-पंचवीस हजार सांगा, बोर्ड आणि हार्नेस नको म्हणा, पंप चालू असेल तर घ्या. नवा बार दुसऱ्या कंपनीचा घेणार असाल तर आधी काईटचं मॅन्युअल बघा: फ्रंट लाइन्स जिथे दुभागतात तो व्ही किती उंचीवर हवा ते त्यात दिलेलं असतं. उंची चुकली तर काईट नीट वळत नाही. जोडण्या जुळत नसतील तर काईटकडच्या छोट्या दोऱ्या बदलता येतात.

शिवण_आणि_रिपस्टॉप

पुली दोन्ही बाजूंच्या एकदमच बदला. मधल्या स्ट्रटसाठी गोंद लावत बसू नका, नवा ब्लॅडर टाका. पैसे देण्याआधी त्या मॉडेलचा आणि १२ मीटरचा ब्लॅडर मिळतोय का, याची खात्री करा.

बदलताना हवा पूर्ण काढा, नळी सोडवा आणि व्हॉल्व्ह भोकातून आत ढकला. स्ट्रटची दोन्ही टोकं उघडा. जुन्या ब्लॅडरच्या एका टोकाला स्ट्रटच्या दुपटीएवढी सुतळी बांधून तो दुसऱ्या टोकाने ओढून काढा, म्हणजे सुतळी आत राहील. नवा ब्लॅडर आधी बाहेरच हलका फुगवून रात्रभर ठेवा, गळका निघाला तर घालण्यापूर्वीच कळेल. मग हवा काढून लांबीत घडी करा, टाल्कम पावडर चोळा, सुतळीला बांधून आत ओढा आणि व्हॉल्व्ह भोकाच्या बरोबर खाली आणून बाहेर काढा.

इथे घाई होते आणि ब्लॅडर फुटतो. तो पिळलेला राहिला किंवा टोकापर्यंत पोचला नाही, तर फुगवल्यावर नेमका त्याच जागी फुटतो. टोकं बंद करण्यापूर्वी अगदी थोडी हवा भरा, स्ट्रटवरून हात फिरवून सुरकुत्या काढा, हवा सोडा, पुन्हा थोडी भरा. दोन-तीनदा असं केलं की तो आपोआप सरळ बसतो. मग टोकं बंद करा, नळी घट्ट बसवा, ७ पीएसआय भरा आणि पुन्हा रात्रभर सावलीत ठेवा.