गेमचं वेड: डॉक्टरांना दाखवायचं की फोन काढून घ्यायचा?

नीलांबरी:
बहिणीचा मुलगा अकरावीत आहे. बीजीएमआय खेळतो, म्हणजे पबजी या मोबाइलवरच्या मारामारीच्या गेमचा भारतीय अवतार. सगळीच पोरं खेळतात, म्हणून आधी कोणी मनावर घेतलं नाही. आता रात्री तीनपर्यंत हेडफोन लावून आरडाओरडा, क्लासला दांड्या, क्रिकेट बंद. ताट खोलीत जातं आणि निम्मं तसंच परत येतं, पोळी वाळून कडक झालेली. मी म्हटलं, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवू. भावजी भडकले, "पोराला वेडा ठरवतेस का? फोन काढून घेतला की चार दिवसांत सुतासारखा सरळ होईल." जागतिक आरोग्य संघटनेने 'गेमिंग डिसऑर्डर' आजारांच्या यादीत घातलाय, २०२२ पासून ती यादी लागू आहे. मला तरी उपचार हवेत असंच वाटतं.

चिंचेचं_झाड:
भावजींशी सहमत. आम्ही रात्र रात्र पत्ते कुटले, पार्लरमध्ये खाऊचे पैसे व्हिडिओ गेमवर उडवले, आम्हाला कोणी डॉक्टरकडे नेलं नाही. आणि यादीचं कौतुक सांगू नका. ती मंजूर व्हायच्या आधीच बऱ्याच संशोधकांनी एकत्र येऊन आक्षेप घेतला होता: पुरावा कच्चा आहे, निकष व्यसनांवरून आणि जुगारावरून उचललेत, धडधाकट पोरांवर शिक्का बसेल. अमेरिकी मानसोपचार संघटनेने २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मनोविकारांच्या त्यांच्या यादीत, हा प्रकार 'अजून अभ्यास हवा' याच भागात ठेवला. दहावीची घाणी संपलीय, खेळू दे की जरा.

ओपीडी_सोमवार:
मी मनोविकार विभागात काम करते. निकषांत तासांचा आकडा कुठेच नाही. दिवसाला सहा तास खेळून अभ्यास, झोप, मित्र सांभाळणारा मुलगा आजारी नाही. ताबा सुटलाय का, बाकी सगळं मागे पडलंय का, नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही का, आणि त्यापायी शाळा-घर खरंच कोलमडलंय का, हे बघतो. तेही साधारण वर्षभर. फार तीव्र असेल तर आधीही निदान होतं.

आमच्याकडे आलेल्या मुलाला पहिल्या दिवशी गेमबद्दल फारसं विचारतच नाही. झोप, भूक, शाळेत कोणी त्रास देतं का, एकटं वाटतं का, हे आधी. पुष्कळदा खाली उदासी किंवा एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलपणाचा विकार, निघतो. गेम सुटायची अशी गोळी नसते. समुपदेशन असतं आणि त्यात आईवडिलांनाही बसावं लागतं. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत २०१४ पासून यासाठी वेगळं 'शट क्लिनिक' चालतं.

चिंचेचं_झाड:
मग माझंच म्हणणं आलं ना? खाली उदासी असेल तर आजार उदासी. गेम म्हणजे ताप, जंतू दुसराच. जंतूला औषध द्या, तापाला वेगळं नाव आणि वेगळं क्लिनिक कशाला?

ओपीडी_सोमवार:
ताप डोक्यात चढला की तोही उतरवावा लागतो. उदासी कमी झाली तरी पहाटेपर्यंत जागायची सवय आपोआप जात नाही.

रँकपुश:
वय २३, अजूनही खेळतो. डॉक्टर-बिक्टरचं मला कळत नाही, पण भावजींना सांगा, मॅच चालू असताना फोन हिसकावू नका. या गेमला पॉज नसतो. चौघांचा स्क्वॉड असतो, मध्येच गेलात तर बाकीचे तिघे शिव्या घालतात. त्यात सीझन संपत आला की रँकसाठी मरमर.

दुसरं, बीजीएमआयमध्ये अठराखालच्यांना दिवसाला तीनच तास देतात. हा पहाटेपर्यंत खेळतोय म्हणजे वय वाढवून टाकलंय किंवा कोणाचं तरी अकाउंट वापरतोय. ते आधी बघा. आणि बंदीने काय होतं ते २०२० मध्ये बघितलंय. सप्टेंबरात पबजी बंद झालं, आमचा अख्खा ग्रुप फ्री फायर या तसल्याच दुसऱ्या गेमवर. दक्षिण कोरियात २०११ पासून सोळाखालच्यांना रात्री बारा ते सहा ऑनलाइन गेम कायद्याने बंद होते. दहा वर्षांनी सरकारनेच तो कायदा गुंडाळायचं ठरवलं.

बाकी, क्रिकेट का सोडलं? गेममुळे, की क्रिकेट सुटलं म्हणून गेम?

नीलांबरी:
क्रिकेट आधी सुटलं. दिवाळीत क्लबच्या टीममधून नाव गेलं. त्यानंतर मैदानाकडे फिरकलाच नाही. पण आता भावजी म्हणतात, "बघ, बॅट दिली की होईल बरा." नवी बॅट आणलीसुद्धा, कोपऱ्यात प्लॅस्टिकसकट उभी आहे.

चिंचेचं_झाड:
बापाने बॅट आणली यात चूक काय? एका सिटिंगचे हजार-दीड हजार मोजण्यापेक्षा रोज संध्याकाळी त्याच्यासोबत मैदानावर जावं.

ओपीडी_सोमवार:
जरूर जावं. पण तो खोलीबाहेरच येत नसेल तर? सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत केसपेपरच्या पैशांत दाखवता येतं. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर तर फुकट आहे, मराठीत बोलतात. मुलगा तयार नसेल तर आईवडिलांनी एकट्याने बोललं तरी चालतं.

नीलांबरी:
फोन मीच लावते, रविवारी भावजी घरी असताना. स्पीकरवर ठेवते.

चिंचेचं_झाड:
लावा. पण ओपीडीत गेलात तर केसपेपरवर काय लिहितात ते तिथेच वाचून घ्या.