दूध संस्थेच्या मशीनला चिपवालं मेमरी कार्ड: लिनक्सवर वापरावं का?

उद्यमनगरवाला
कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं छोटं वर्कशॉप आहे. गावोगावच्या दूध संस्थांना संकलनाची मशीन जोडून देतो. काटा, फॅट-एसएनएफचं (दुधातली स्निग्धता आणि बाकीचे घन पदार्थ मोजणारं) यंत्र, प्रिंटर आणि हे सगळं चालवणारा रास्पबेरी पाय हा छोटा संगणक, त्यावर डेबियन, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार. दहा दिवसांचं बिल निघालं की भांडण ठरलेलं: "मंगळवारी म्हशीची फॅट ६.८ लागली होती, इथं ६.२ कशी?" नोंद मागाहून बदललेली नाही हे दाखवायचं तर मशीननं तिथल्या तिथं डिजिटल सही करायला हवी.

सहीची की (गुप्त डिजिटल किल्ली) साध्या फाइलीत ठेवली तर कार्ड काढून कुणीही लॅपटॉपवर कॉपी करील. म्हणून चिपवालं मायक्रोएसडी आणलं. नेहमीच्या मेमरीसोबत आत सिमकार्डात असते तशी स्मार्ट कार्डची चिप. की तिच्यातच तयार होते आणि बाहेर येत नाही. पायला कार्ड लागतंच, त्यामुळे यूएसबी टोकन (की ठेवायची पेन ड्राइव्हसारखी वस्तू) बाहेर लटकत नाही. रोज पाणी मारून धुतल्या जाणाऱ्या खोलीत ही मोठी सोय. जर्मनीत २०२० पासून दुकानांच्या गल्ल्याच्या मशीनला छेडछाड रोखणारं सुरक्षा-उपकरण सक्तीचं आहे, आणि तेही यूएसबीसोबत एसडी, मायक्रोएसडी कार्डाच्या रूपात मिळतं. माझं मत: वापरावं.

रंकाळ्याचा पाणबुड्या
साफ असहमत. त्या चिपशी बोलायचं कसं, ते सांगितलं नाहीस. यूएसबी टोकन असेल तर पीसीएससी-लाइट आणि ओपनएससी ही सॉफ्टवेअरं आहेत, दोन्ही मुक्त, म्हणजे कोड सगळ्यांना खुला. कार्डवाल्यांचा मामला वेगळा. एसडीच्या मानकात सुरक्षा-चिपसाठी एएसएसडी नावाची जोड आहे, पण मूळ कर्नलात (लिनक्सच्या गाभ्यात) तिचा ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारा कोड, नाही. उरतो फाइलचा जुगाड: ठरावीक फाइलीत आज्ञा लिहायची, कार्डातला कंट्रोलर ती ओळखून चिपकडे देणार, उत्तर त्याच फाइलीतून वाचायचं. आणि हे सगळं कंपनीच्या बंद लायब्ररीतून. म्हणजे डेबियन घेतलं मोकळेपणासाठी आणि किल्ली दिली अशाकडे, जो पुढच्या वर्षी फोन उचलेल की नाही देव जाणे.

उद्यमनगरवाला
लायब्ररीबद्दल मान खाली. माझ्याकडची फक्त ३२ बिटची निघाली, ६४ बिटच्या डेबियनवर लोडच होईना. मग स्वतः आज्ञा लिहून बघितल्या, तर प्रत्येक वेळी जुनंच उत्तर. दोन रात्री गेल्या. कर्नल कार्डापर्यंत जातच नव्हता, पेज कॅशमधलं, म्हणजे मेमरीत ठेवलेल्या प्रतीतलं, शिळं वाचून देत होता. ओ-डायरेक्टनं (ती प्रत टाळून थेट कार्डाशी बोलायची सोय) फाइल उघडली तेव्हा चिप बोलली. पण बोलली ना!

एक जुना फर्मवेअरवाला
पाणबुड्या, बंदपणाचा राग फक्त याच कार्डावर का? प्रत्येक एसडी कार्डात छोटा संगणक असतो. २०१३ च्या डिसेंबरात हँबुर्गच्या परिषदेत अँड्र्यू 'बनी' हुआंग आणि शॉन क्रॉस यांनी काही कार्डांच्या कंट्रोलरवर आपला कोड चालवून दाखवला. तुझ्या यूएसबी टोकनातली चिपही बंदच. २०१७ साली इन्फिनिऑन कंपनीच्या चिपांतल्या आरएसए पद्धतीच्या की कच्च्या (फोडता येण्याजोग्या) निघाल्या, एस्टोनियाची साडेसात लाखांहून जास्त ओळखपत्रं अडचणीत आली. दोष सापडला तो चिप उघडून नव्हे. ब्रनोच्या मसारिक विद्यापीठाच्या संशोधकांनी बाहेर आलेल्या सार्वजनिक की (सही तपासायला सगळ्यांना देतात त्या) तपासून पकडला. चिप बंद असली तरी तिचं काम बाहेरून तपासता येतं.

रंकाळ्याचा पाणबुड्या
पकडला, पण २०१२ पासूनच्या की कच्च्या होत्या, हे विसरलास. चिप बंद असण्यावर माझं भांडण नाहीच, तिच्यापर्यंतचा रस्ता बंद आहे त्यावर आहे. पायच्या पिनांवर बसणारी टीपीएम २.० ची (की सांभाळणाऱ्या सुरक्षा-चिपची) छोटी पाटी घे. ड्रायव्हर कर्नलातच, वरची साधनं मुक्त, पीकेसीएस-११ या चिपशी बोलायच्या मानकाची सोय आहे. डब्याच्या आत बसते, पाणी लागायचा प्रश्न नाही. शिवाय मेमरी कार्ड झिजतं. रोज शेकडो नोंदी लिहिणारं कार्ड एक दिवस मरणार, आणि त्याच्याबरोबर तुझी कीही जाणार.

राजारामपुरीतला सीए
की जाण्याचा एवढा बाऊ नको. आमचं डीएससी (डिजिटल सही प्रमाणपत्र) टोकन पिन सारखा चुकला की लॉक होतं, मग नवं काढतो. जुन्या सह्या तपासायला सार्वजनिक की पुरते. (शिकाऊ आर्टिकल पोरानं तीन टोकनांचे पिन एकाच कागदावर लिहून तो टोकनालाच चिकटवला होता, तो विषय वेगळा.)

करवीरचा सचिव
तुम्ही सगळी लई हुशार बोलालाय. मी संस्थेत बसतो म्हणून विचारतो. सॅम्पल घेताना किटली नीट ढवळलीच न्हाई तर फॅट चुकीची येणार. त्यावर तुमची चिप सही करणार की न्हाई? करणारच. मग आकडा खोटा आणि सही खरी. यंत्र महिनोन्‌महिने तपासलेलं नसलं तरी तसंच. आणि आमच्यात भांडण मागाहून बदललेल्या नोंदीवर कमी, मापावरच जास्त.

उद्यमनगरवाला
सचिवसाहेब, मापाचं सहीनं सुटणार नाही, कबूल. पण मागाहून बदलल्याचा संशय तेवढा तरी जाईल, मग भांडण फक्त मापावर राहील.

एक जुना फर्मवेअरवाला
तेवढ्यासाठी चिपही नको. प्रत्येक नोंदीत आधीच्या नोंदीचा हॅश (नोंद जरा बदलली तरी बदलणारा तिचा ठसा) घाल आणि शेवटचे आठ-दहा अंक पावतीवर छाप. पुरावा सभासदाच्या खिशात.

करवीरचा सचिव
थर्मल कागद हाय तो. आमच्या माणसाच्या खिशात आठ दिवसांत पांढरा पडतोय.

उद्यमनगरवाला
मग तेच अंक रोज संध्याकाळी सभासदांच्या फोनवर पाठवू. सहीचं म्हणाल तर एका मशीनला टीपीएमची पाटी लावून बघतो, कार्ड दुसऱ्यात तसंच राहू दे. पाणबुड्या, ओ-डायरेक्टवाला कोड पाठवू का? शिव्या घालायच्या तर वाचून तरी घाल.

रंकाळ्याचा पाणबुड्या
पाठव. मिसळ तुझ्याकडून.